मामांचा उजवा पाय

शिरूर तालुक्यात असे बरेच लोक सापडतील, ज्यांच्या पाकिटात गाडी चालवायचं लायसन आहे आणि ज्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. त्यांत डॉक्टर आहेत, एक मुख्याध्यापक आहेत, कांद्याचे आडतदार आहेत. लग्नाच्या पंगतीत शेजारी असा कुणी आला आणि गाडीचा विषय निघाला, की मी हळूच विचारते, ‘‘मामांकडं शिकलात का?’’ समोरचा माणूस मान खाली घालून हसतो. ओळख पटते. आम्ही एकाच गुरूची लेकरं.

मामांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. खाली ऑफिस, त्याच्या मागे त्यांचं घर आणि वर एक खोली. बँकेच्या नोकरीसाठी मी शिरूरला आले, तेव्हा ती खोली मला भाड्याने मिळाली. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. खोली दाखवताना मामांनी पाणी किती वाजता येतं ते सांगितलं नाही, जिन्याबद्दल सांगितलं. ‘‘वळणाव डाव्या अंगानं ऱ्हायचं. वरनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.’’ त्या जिन्यावर माझ्याशिवाय कुणी येणार-जाणार नव्हतं. तरीही मी वर्षभर डाव्या अंगानंच चढले-उतरले. मामांचं ऐकावंसं वाटायचं. त्यांचा आवाज मऊ होता आणि टोपी इस्त्रीची होती.

ऑफिसच्या भिंतीवर पाट्या होत्या. अती घाई संकटात नेई. नजर हटी दुर्घटना घटी. घरी कोणीतरी आपली वाट पाहत आहे. या शेवटच्या पाटीखालीच मामी भाजी निवडत बसायच्या, त्यामुळे ती पाटी जरा जास्तच खरी वाटायची.

आता पायाबद्दल. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेले असतात. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर, शिकवणारा डावीकडे. शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याने ब्रेक दाबायचा. मामांनी यात थोडी सुधारणा केली होती. शिकणारा चुकायच्या आधीच ते ब्रेक दाबत. समोर म्हैस दिसली की दाबत. म्हैस दिसली नाही तरी, इथं म्हैस असू शकते, या विचाराने दाबत. हे करता करता त्यांच्या उजव्या पायाला स्वतंत्र बुद्धी आली होती. दुसऱ्याच्या रिक्षात बसले की पाय दाबला जायचा. कीर्तनकाराने लय वाढवली की दाबला जायचा. लग्नात भटजी मंगलाष्टकं भराभर उरकायला लागले, की मांडवात बसलेल्या मामांचा पाय सतरंजीत रुतायचा. त्यांची उजवी चप्पल डावीच्या कितीतरी आधी झिजायची. स्टँडवरचा चांभार म्हणायचा, ‘‘मामा, एकच न्या की नवी. जोडी कशाला मोडता?’’

याचा परिणाम असा, की मामांच्या पांढऱ्या गाडीला एकही ओरखडा नव्हता. जुनी गाडी, पण रंग आरशासारखा. रोज सकाळी ते तिला ओल्या फडक्याने पुसत आणि मग वाकून चारही बाजूंनी बघत. आई जत्रेतून आलेल्या पोराला लागलं-बिगलं का बघते, तसं.

त्या गाडीमुळेच त्यांचा एकदा सत्कार झाला. रस्ता सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम होता. मंडप, माइक, स्वागतगीत. प्रमुख पाहुणे पुष्कळ उशिरा आले आणि येताना त्यांच्या गाड्यांचा ताफा रस्त्याच्या चुकीच्या बाजूने घुसला, कारण मंडप तिकडून जवळ पडत होता. पाहुण्यांनी शिस्तीवर भाषण केलं. ‘‘या आमच्या मामांच्या गाडीवर,’’ ते गरजले, ‘‘आजतागायत एक ओरखडा नाही! हा तालुक्याचा अभिमान आहे!’’ टाळ्या पडल्या. पाहुण्यांचं भाषण चांगलंच वेगात आलं होतं आणि थांबायचं चिन्ह नव्हतं. स्टेजवर बसलेल्या मामांचा पाय एकसारखा फळ्यांवर आपटत होता. ते पाय आवरायचा प्रयत्न करत होते, हे मला समोरच्या रांगेतून दिसत होतं. शेवटी मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते खरोखरच दोनच बोलले. ‘‘हळू चालवा.’’ आणि शाल सांभाळत खाली उतरले, डाव्या अंगानं.

माझी अडचण अशी होती. आई दौंडला एकटी राहायची. रेल्वेतल्या नोकरीत वडिलांची सगळी वर्षं तिथंच गेली होती आणि आई ते घर सोडून शिरूरला यायला तयार नव्हती. ‘‘मला इंजिनाची शिट्टी ऐकल्याशिवाय झोप येत नाही,’’ हे तिचं कारण. त्यात तिचा मोतीबिंदू पिकला. शनिवारी बँक अर्धा दिवस. पण शिरूरहून दौंडला जायचं म्हणजे चौफुल्याला बस बदलायची, आणि ती दुसरी बस यायची ते स्वतःच्या मनाने. मी पोचेपर्यंत शनिवार संपलेला असायचा. म्हणून गाडी शिकायचं ठरवलं, आणि गुरू तर जिन्याखालीच होता.

मी शिकले. टेस्टच्या दिवशी आरटीओचे साहेब माझ्या शेजारी बसले आणि मामा मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभे राहिले. मी गाडी बैलाच्या चालीने आठच्या आकड्यात फिरवली. लिंबाखाली धूळ उडत होती. मामा तिथून ब्रेक दाबत होते. मी पास झाले.

मग एका निवृत्त मास्तरांची लहानशी जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी एकटी बाहेर काढली. न्हावऱ्याच्या रस्त्याला एक गतिरोधक आहे. तो जवळ आला. मी शांत होते. गाडी आता हळू होईल, म्हणून वाट बघत होते. गतिरोधक आणखी जवळ आला. गाडी हळू होईना. डोकं छताला आपटलं, तेव्हा कुठं उजेड पडला, की इतके दिवस गाडी थांबायची ती मामांच्या पायाने. माझ्या पायाला ब्रेक नावाची वस्तू माहीतच नव्हती. गाडी कडेच्या वाळूच्या ढिगात जाऊन बसली. तिला काही झालं नाही. ढिगावर बसलेलं कुत्रं मात्र उठून गेलं, आणि जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघून गेलं ते मी विसरलेले नाही.

घरी आले ती तडक ऑफिसात. म्हटलं, ‘‘मामा, तुम्ही मला गाडी चालवायला नाही शिकवलं. गाडीत बसायला शिकवलंत.’’

मामा पाटीकडे बघत राहिले. मामी आतून म्हणाल्या, ‘‘येवढ्या वर्सांत एक तरी खरं बोललं कुणीतरी.’’

त्यानंतर आठवडाभर मामा माझ्याशी जिन्यापुरतंच बोलले.

याच दिवसांत एका संध्याकाळी खालून भयंकर आवाज आला. लोखंडावर लोखंड, काचांचा चुरा, टायर किंचाळल्याचा आवाज, पुन्हा लोखंड. एसटी ऑफिसात घुसली असं वाटून मी धावत उतरले, तेही मधोमध. दारात मामी मटार सोलत होत्या.

‘‘मामी, काय झालं?’’

‘‘काय न्हाई. गाड्या फोडत्यात.’’

‘‘कोण?’’

‘‘आमचं हे. दिसभर लोकांच्या पोरीबाळी सुखरूप घरला आणायच्या, आन् सांजच्याला हितं बसून गाड्या फोडायच्या. बघा की आत जाऊन. मटार घेताय का?’’

आत कॉम्प्युटर होता. रस्त्यावरची चिन्हं मुलांना पडद्यावर दाखवून शिकवायची, म्हणून मामांनी तो हौसेने आणलेला. ज्याने तो बसवून दिला त्याने सोबत काही गेम्सही टाकून दिल्या होत्या. त्यातली एक मामांना चिकटली. चिखलाचं गोल मैदान. त्यात वीसेक भंगार गाड्या. रस्ता नाही, सिग्नल नाही, कुठं जायचं नाही. एकमेकींना धडका मारायच्या. ज्याची गाडी शेवटपर्यंत हलती राहील तो जिंकला. बस्स, एवढंच.

मी दारात उभी राहून बघत होते. भिंतीवर अती घाई संकटात नेई, आणि तिच्याखाली इस्त्रीची टोपी घातलेला माणूस एका निळ्या गाडीच्या बरगडीत स्वतःची गाडी मागून घालत होता. निळीचं दार उडालं, चाक सुटून स्वतंत्रपणे फिरायला निघालं. मामांच्या चेहऱ्यावर मी सत्काराच्या दिवशीही न पाहिलेला आनंद होता.

‘‘या, बसा,’’ ते लाजून म्हणाले. ‘‘आखाडाच हाय ह्यो. आपल्या जत्रंतल्यावानी. पैलवानांना चाकं लावल्याती, येवढंच.’’

मी पुस्तकं वाचणारी बाई. माणसाने करमणुकीसाठी भंगार कुटावं, हे मला पटणारं नव्हतं. मी तसं बोललेही. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, रस्त्याव धक्का लागल्याव काय हुतं?’’

‘‘नुकसान होतं.’’

‘‘त्ये मागनं. आधी काय हुतं?’’ त्यांनी स्वतःच सांगितलं. ‘‘आधी मान्सं जमत्यात. कुणाचा रं तू, कुठल्या गावचा, दिसत न्हाई व्हय, बापाचा रस्ता हाय का. मंग कुणाचा तरी पावना निघतो. मंग पंचनामा. मंग घरी गेल्याव बायकू. धा वर्सं लोक म्हंत्यात, त्यो बघा, त्यानं ठोकली व्हती. आन् हितं?’’ त्यांनी पडद्याकडे हात केला. निळी गाडी धूर सोडत पडली होती, आणि तिच्यातून कुणीही उतरून मामांचं गाव विचारत नव्हतं. मग त्यांनी एक बटण दाबलं. सगळं मैदान पुन्हा कोरं झालं. गाड्या सरळ, दारं जागेवर, चाकं आपापल्या घरी. ‘‘येवढी माफी,’’ मामा म्हणाले, ‘‘देवबी देत न्हाई.’’

माझं कुठलं पुस्तकही मदतीला आलं नाही.

नंतर कळलं, की सुरुवातीला मामा त्या खेळातही नियम पाळत होते. उजवीकडून येणाऱ्याला वाट देत होते. हॉर्न कुठलं बटण आहे, हे त्यांनी दोन दिवस शोधलं. मग कोपऱ्यात गाडी लावून उभे राहिले. बाकीच्या एकमेकींना धडकून मेल्या आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात मामा जिंकल्याचं जाहीर झालं. मामी सांगत होत्या, त्या रात्री हे जेवले नाहीत. मी मामांना कारण विचारलं. ‘‘कोपऱ्यात हुबं राहून जिंकलो, मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘अंगाला चिखूल न्हाई. ती काय कुस्ती झाली?’’ दुसऱ्या दिवसापासून ते कोपऱ्यातून बाहेर आले.

‘गाडीत बसायला शिकवलंत’ या माझ्या बोलण्याचा राग मात्र त्या पहिल्या संध्याकाळीच एकाएकी निवळला. ‘‘बसा हितं,’’ म्हणत त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. ‘‘धडकायची भीती धडकल्याबिगर जात न्हाई. मारा कुणालातरी.’’

मी कुणालाही मारलं नाही. मलाच सगळ्यांनी मारलं. पहिल्या धडकेला मी डोळे मिटले आणि हात वर केले. दुसऱ्या धडकेला एकच डोळा मिटला. खालून थाड थाड आवाज येत होता. टेबलाखाली मामांचा पाय फरशीवर ब्रेक मारत होता. दर वेळी मी धडकायला निघाले की थाड. आणि दर वेळी मी तरीही धडकत होते.

असं पुष्कळ संध्याकाळी चाललं. बँकेतून आले की चहा घ्यायचा आणि खाली जायचं. त्यातली गंमत मला उशिरा कळली. गाडी चालवताना मी गाडी चालवत नसे, गाडीला काही होऊ नये याची काळजी वाहत असे. इथं काळजी घेण्यासारखं काही उरतच नव्हतं. पहिल्याच मिनिटाला बॉनेट उडालेलं असायचं. मग मन मोकळं होऊन समोर काय आहे ते बघायला लागायचं. कोण कुठून येतंय, किती वेगात, आपण आत्ता वळलो तर तो कुठं जाईल. धडकायचं असलं तरी नीट बघावं लागतं, आणि नीट बघता आलं की चुकवताही येतं. एके दिवशी लाल गाडी माझ्यावर चालून आली, मी कचकन ब्रेक मारला, ती समोरून गेली आणि भिंतीवर आपटली. मी ओरडलेच.

टेबलाखाली शांतता होती. मामा आपल्या पायाकडे बघत होते.

‘‘ह्यो दाबला न्हाई मी,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘तुम्हीच दाबला.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय न्हाई. ह्यो हितं येवढे दिस उगंच आपटतोय. ह्येच्यानं कायबी व्हत न्हाई. तरी बी चाललंय की तुमचं.’’

मामी दारातून म्हणाल्या, ‘‘आता त्यो आमच्या संसारावनं बी काढा.’’

पुढच्या शनिवारी मामांनी स्वतःहून सांगितलं, दौंडला जाऊ. माझ्या गाडीतून जाऊ असं मी म्हटलं, तर नको म्हणाले. त्यांच्या गाडीतून. त्या पांढऱ्या, तालुक्याचा अभिमान असलेल्या गाडीतून. मी म्हटलं, ‘‘मामा, मला काही झालं तर चालेल, तिला काही झालं तर मी शिरूरमध्ये राहू शकणार नाही.’’

‘‘तिच्यात ब्रेक हाय माझ्याकडं,’’ मामा म्हणाले. ‘‘हाय आन् दाबला न्हाई, तर खरं. नसल्याव कोन बी दाबत न्हाई.’’

ते डाव्या सीटवर बसले, चपला काढल्या आणि मांडी घातली. सत्यनारायणाला बसल्यासारखी, घट्ट. उजवा पाय डाव्या मांडीखाली दाबून टाकला. ‘‘चला,’’ म्हणाले.

न्हावऱ्याचा गतिरोधक आला. मी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली. किती साधी गोष्ट. पारगावच्या पुलावर समोरून ट्रक आला तेव्हा मामांनी भीमेकडे तोंड फिरवलं आणि पाणी यंदा बरं आहे, असं काहीतरी पुटपुटले. चौफुल्याला, जिथं मी बसची वाट बघत इतके शनिवार घालवले होते, तिथं मी थांबलेच नाही. पाटसच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर लागला, मागे दोन ट्रॉल्या, डुलत डुलत चाललेल्या. खरी परीक्षा ती होती. मी मागे बघितलं, समोर बघितलं, आखाड्यात बघायचे तसं बघितलं, हॉर्न दिला आणि पुढे गेले. शेजारी मामांचा गुडघा मांडीतल्या मांडीत थरथरत होता. कपाळावर घाम. पण मांडी सुटली नाही. एखाद्याने उपवास धरावा तशी त्यांनी ती मांडी धरली होती.

‘‘पायाला मुंग्या आल्यात का, मामा?’’

‘‘मुंग्या न्हाई, वारूळ झालंय. तुम्ही म्होरं बघा.’’

दौंडला आमच्या गल्लीत वळले, तर आई फाटकात ताट घेऊन उभी. मी गाडी चालवत येणार हे तिला फोनवर सांगितलेलं. ताटात निरांजन, कुंकू, भाकरीचा तुकडा. डोळ्यावर तो मोतीबिंदू, म्हणून हात भुवईवर धरून ती येणाऱ्या प्रत्येक वाहनाकडे आशेने बघत असणार. सायकलींकडेसुद्धा. मला पाहून ती हसली. मीही हसले. फाटकाचा दगडी खांब काही हसला नाही.

करर्र.

आवाज फार मोठा नव्हता. खेळात असले आवाज आम्ही मोजतही नसू.  गाडी थांबली. गल्लीतले लोक जमायला लागले. मामांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने, आधी माणसं. मामा मांडी सोडून खाली उतरले. पाय बधिर झालेला, म्हणून दाराला धरून उभे राहिले. मग लंगडत पुढे गेले आणि वाकले. पुढच्या कोपऱ्याला वीतभर ओरखडा आणि लिंबाएवढा पोचा.

‘‘कुणी ठोकली?’’ गल्लीतल्या एका आप्पांनी विचारलं. ‘‘दिसत नव्हतं का?’’

‘‘मला दिसत व्हतं,’’ मामा म्हणाले. ‘‘चांगलं दिसत व्हतं. वळली तवाच दिसलं, की खांब लागनार.’’

मी जवळजवळ रडकुंडीला आले होते. ‘‘मग मामा, दाबायचा ना ब्रेक! तुमच्याकडं होता की!’’

‘‘मांडी घातली व्हती.’’

‘‘पण गाडीला—’’

‘‘मॅडम,’’ मामा म्हणाले, ‘‘खांब हुबा हाय का?’’

खांब उभा होता.

‘‘तुमच्या आई हुब्या हायत का?’’

आई ताट घेऊन उभी होती. निरांजनही विझलं नव्हतं.

‘‘मंग गाडी थांबली कुणाच्या पायानं?’’

 माझा उजवा पाय अजून दुखत होता, इतक्या जोरात मी ब्रेक दाबला होता.

आई पुढे आली. तिने आधी मला ओवाळलं, मग भाकरीचा तुकडा माझ्यावरून उतरवून टाकला आणि कुंकवाचं बोट गाडीच्या बॉनेटकडे नेलं. ‘‘थांबा, वहिनी,’’ मामा म्हणाले. त्यांनी ताटातलं कुंकू स्वतःच्या बोटावर घेतलं, पुन्हा वाकले आणि त्या पोच्यावर, बरोबर मधोमध, टिकली लावली. मग टोपी सरळ करून गल्लीकडे असं बघितलं, की कुणाची आणखी काही विचारायची हिंमत झाली नाही.

तो पोचा त्यांनी कधीच काढून घेतला नाही. नंतर त्याच्या शेजारी आणखी पुष्कळ झाले. त्यांच्या पुढच्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण आज खरंच गाड्या चालवतात. आमच्यातले जुने, नुसते लायसनवाले, त्यांना बघून थोडे जळतात.

मी त्या रात्री आईकडे राहणार होते. म्हणून चहा झाल्यावर मामा एकटेच निघाले. इतक्या दिवसांत त्यांना उजव्या सीटवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ते आत बसले, आरसा नीट केला, मग उगीचच खाली वाकून बघितलं, पायाशी सगळं आहे ना. पांढरी गाडी गल्लीतून सावकाश निघाली. पुढच्या कोपऱ्यावर कुंकू, मागे आम्ही दोघी.

गल्ली टोकापर्यंत रिकामी होती. माणूस नाही, कुत्रं नाही, म्हैस नाही.

मागचे लाल दिवे लागले.

‘‘काय झालं गं, का थांबले ते?’’ आईने विचारलं.

‘‘काही नाही,’’ मी म्हटलं. ‘‘जातील आता.’’